गॅरेजचा उंबरठा

१

आमच्या घरात सुतार कधी आला नाही, कारण माझ्या नवऱ्याने तो येऊच दिला नाही. आल्हाद ओझरच्या विमान कारखान्यात ड्रॉइंग सेक्शनला होता. जो माणूस विमानाचा पंख कागदावर काढतो त्याला घरातलं कपाट का जमू नये, असं त्याचं म्हणणं. कपाट जमलं, फक्त त्याचं दार लागेना. ते अजून नाडीने बांधलेलं आहे आणि आल्यागेल्याला मी ते कौतुकाने दाखवते.

शहाण्णव साली आम्ही जुनी फियाट घेतली. इंदिरानगरात तेव्हा मोकळे प्लॉट जास्त आणि घरं कमी होती. आमच्या आवारात गुलमोहर होता, आणि त्यावरच्या पाखरांनी दोन दिवसांत गाडीचा रंग बदलून टाकला. आल्हाद म्हणाला गॅरेज बांधू. मी म्हटलं गवंडी बघते, तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या शिक्षणाचा अपमान केला. विटा-सिमेंट काय कोणीही करतं, आपण लाकडाचं करू, सगळा सांगाडा लाकडाचा, वर पत्रे, आणि हात लावायचा तो फक्त त्याने.

लाकूड कारखान्यातूनच आलं. यंत्रांचे भाग ज्या भल्यामोठ्या खोक्यांतून परदेशातून यायचे, ती खोकी रिकामी झाली की मोडून विकत. पांढरट, गाठीगाठींचं, राळेचा वास मारणारं लाकूड. टेम्पो उतरवून घेताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो आमच्या लग्नाच्या फोटोत नाही.

२

त्या हिवाळ्यातले सगळे रविवार गॅरेजने खाल्ले. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे ओळंबा धरायचं काम माझ्याकडे आलं. आधी मागच्या आणि बाजूच्या भिंतींचे सांगाडे उभे राहिले. मागची भिंत कंपाउंडच्या भिंतीला जवळजवळ टेकलेली होती, मध्ये माझा हात जेमतेम जाईल इतकी फट. तोंडाची मोठी चौकट त्याने जमिनीवर आडवी जोडली. उचलताना तिचे पाय फाकू नयेत म्हणून खालून एक जाड तुळई ठोकली. ती तात्पुरतीच होती, नंतर कापायची होती.

चौकट उभी राहिली त्या सकाळी नाना बाहेर आले. नाना म्हणजे माझे सासरे, वेणीमाधवशास्त्री. जन्म पंचवटीत यजमानांच्या पूजा सांगण्यात गेला. नाशकात नव्या वसाहती झाल्या तशा नानांनी किती लोकांच्या चौकटी पुजल्या असतील त्याला गणती नाही, पण मुलाने घर घेतलं ते तयार, त्यामुळे स्वतःच्या घरची चौकट पुजायची त्यांची हौस राहून गेली होती. समोर उभी चौकट, खाली उंबरठा, हे बघून त्यांना राहवलं नाही. त्यांनी मला हळदकुंकू आणायला लावलं, आंब्याची डहाळी बांधली, नारळ फोडला, उंबरठ्यावर पाच बोटं ओढली आणि अगदी साग्रसंगीत पूजा केली. नैवेद्यालाही मला गूळखोबरं आणायला पाठवलं.

आल्हाद हसत होता. नाना, हे फियाटसाठी आहे, म्हणाला.

"चौकट पुजली की घर झालं," नाना म्हणाले. "आत कोण राहणार ते तुझं तू बघ."

पुढे भिंतींना फळ्या लागल्या, वर पत्रे चढले, दोन झडपांचं दार बसलं. मग एके दिवशी नाना पंचवटीत गेलेले असताना आल्हादने करवत घेतली आणि खालची तुळई दोन्ही बाजूंनी कापून काढली, कारण गाडी काही पाय उचलून आत जाणार नव्हती. हळदीची बोटं अजून तिच्यावर होती. मला ते जरा कसंसंच वाटलं, पण मी विज्ञान शिकवते. लाकूड वाया घालवणं आल्हादच्या रक्तात नाही. त्याने तुळईवर रंधा मारला आणि विटा रचून तुळशीजवळ बाक केला. नाना रोज त्यावर बसून पेपर वाचू लागले. ते कशावर बसतात हे त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि गॅरेजच्या दाराशी ते पुन्हा फिरकले नाहीत.

३

संध्याकाळी माझा नवरा घरी येतो तो मला कानाने कळतो. स्वयंपाकघराची खिडकी गॅरेजच्या तोंडाकडे आहे. फाटकाची कडी, फियाटची घरघर, इंजिन बंद, मग गॅरेजचं दार लागल्याचा आवाज. त्या आवाजाला मी चहाचं आधण ठेवते. आधणाला उकळी येते तेव्हा तो पायरीवर बूट काढत असतो. ही आमची घडी इतकी बसलेली होती की मी कधी वळूनही बघत नसे.

एका संध्याकाळी आधण उकळलं, पत्ती टाकली, दूध टाकलं, चहा गाळला, आणि पायरीवर कोणी नव्हतं. चहावर साय धरली तेव्हा तो आला. मी विचारलं, इतका वेळ काय करत होतास? तो म्हणाला, कुठला वेळ, गाडी लावली आणि आलो.

मी वाद घातला नाही. माणूस गाडीत बसून राहतो, रेडिओ ऐकतो, ऑफिसातलं काहीबाही आठवत बसतो. पण तेव्हापासून मी कान देऊ लागले. वेळ वाढत होता. आधी चहा निवायचा. पुढे पुढे गॅरेजचं दार लागल्यावर मी कुकर चढवला, तर शिट्ट्या होऊन, वाफ जिरून झाकण उघडेपर्यंत तो येत नसे. एकदा मी बाहेर जाऊन दार ओढलं आणि आत पाहिलं. गाडी होती. बॉनेट गरम होतं. आल्हाद नव्हता. मी गाडीखालीसुद्धा वाकून पाहिलं, आणि मग शेजारी गेला असेल असं स्वतःला सांगत परत आले. पोळीचा तवा ठेवते तोच तो गॅरेजकडूनच आला, हातात डबा, अंगाला राळेचा वास. म्हणाला, आज काय लवकर लागलीस पोळ्यांना?

सकाळी तो माझ्यासमोर दाढी करून गेला होता. आता त्याच्या गालावर खुंट दिसत होते.

४

मग तो जेवेनासा झाला. ताटावर बसायचा, चार घास चिवडायचा आणि म्हणायचा, पोट भरलंय गं. चहा पुढे केला तर म्हणायचा, झाला. कुठे झाला, असं विचारलं की त्याचाच चेहरा गोंधळायचा.

खरं सांगायचं तर मला भुताखेतांचा विचार शिवला नाही. मला वाटलं, दुसरी कोणी आहे. चाळिशी उलटलेला नवरा वेळेचा हिशेब देत नाही, बाहेर जेवतो, घरचं खात नाही, यात गूढ काय? मी मैत्रिणीच्या नवऱ्याकडून हळूच चौकशी केली. आल्हाद कारखान्यातून वेळेवर निघतो, वाटेत कुठे थांबत नाही, असं कळलं. ते मला घरी बसूनही माहीत होतं, गाडी तर रोज वेळेवरच येत होती. तो चुकत होता तो गाडीपासून माझ्यापर्यंतच्या अंगणात.

त्याच आठवड्यात तो अनवाणी घरात आला. पायरीवर बूट नव्हते. आपण बूट कुठे काढले हे त्याला सांगता येईना. मी जाऊन पाहिलं. गॅरेजच्या मागच्या भिंतीशी, फळ्यांना लागून, त्याचे बूट शेजारी शेजारी ठेवलेले होते. कोणाच्या घरात जाताना आपण दाराबाहेर काढून ठेवतो, तसेच. पण तिथे दार नव्हतं. फळ्या होत्या, आणि फळ्यांमागे कंपाउंडची भिंत.

मी बूट उचलून आणले आणि त्याला म्हटलं, तुझं डोकं तपासायला हवं. तो हसला, पण मला त्या रात्री झोप आली नाही. मला भीती वाटत होती की एक दिवस तो तसाच कुठेतरी राहील आणि मी आधण ठेवून बसेन.

५

गोजराबाई पाथर्डीहून भाजी घेऊन यायच्या. ऊन असलं की गॅरेजच्या सावलीला टोपली टेकून बसायच्या आणि गावच्या सगळ्यांची उणीदुणी काढायच्या. एका दुपारी त्या फाटकातच थांबल्या. आत या म्हटलं तरी येईनात. मी विचारलं, परवा आला नाहीत?

"आले व्हते की. मंगळवारी. तुमच्या गाडीघरातल्या बाई म्हनल्या, आज नको, भाजी हाय घरात. मंग मी गेले."

मंगळवारी मी शाळेत होते आणि नाना पंचवटीत. मी म्हटलं, तुम्ही ऐकण्यात चुकलात, बाजूच्या बंगल्यातून कोणी बोललं असेल.

"मी काय भैरी हाय का? दाराच्या आतून बोलल्या, लय गोड बोलल्या. पन ताई, त्यांनी दार नाय उघडलं, आन बोलल्या अगदी माझ्या कानाशी." त्यांनी टोपली डोक्यावर घेतली. "पाव्हनी आलीय का कोन?"

पाहुणी नाही, मी म्हटलं. त्यांनी गॅरेजकडे एकदा पाहिलं आणि मेथीची जुडी माझ्या हातात कोंबून त्या निघून गेल्या. मी आवाजाच्या परावर्तनाच्या धड्याची मनात उजळणी केली. पत्रे, मोकळे प्लॉट, दुपारची शांतता, आवाज कुठून कुठेही लागू शकतो. धडा अगदी बरोबर होता, तरी त्या दिवशी मी गॅरेजकडे पाठ करूनच मेथी निवडली.

६

शनिवारी त्याची अर्धी सुट्टी. भर दुपारी फियाट आली, इंजिन बंद झालं, दार लागलं. मी पानं घेतली. वरण निवलं, भात निवला. नाना आपल्या बाकावर बसून जेवणाची वाट बघत होते. मी अंगणात गेले, गॅरेजचं दार ओढलं आणि बॉनेटला हात लावला. लोखंड गार झालेलं होतं.

बूट मागच्या भिंतीशी होते.

मी तिथेच उभी राहिले. पत्रे तापून कडकड वाजत होते. मग त्या आवाजाखाली मला दुसरा आवाज लागला. भांड्यावर डावाचा, फोडणी चुरचुरल्याचा, पाट सरकवल्याचा. असे आवाज कुठल्याही घरात दुपारी येतात. ते माझ्यासमोरच्या फळ्यांतून येत होते, आणि मागे हाताच्या पंजाएवढीसुद्धा धड जागा नव्हती, ती मी स्वतः मोजली होती. एका फळीची गाठ वाळून गळून पडली होती. त्या भोकाला मी डोळा लावला.

पलीकडे खोली होती. दुपारचा उजेड होता, आमच्या स्वयंपाकघरात असतो तसाच. आल्हाद माझ्याकडे पाठ करून पाटावर बसला होता. निळ्या रेघांचा शर्ट मी सकाळी इस्त्री केलेला होता. त्याच्यासमोर ताट होतं आणि बाजूने एक हात वाढत होता, हिरव्या बांगड्यांचा, कोपरापर्यंतच दिसणारा. आल्हादने ताटावर आडवा हात धरला. पुरे म्हणताना तो तसाच धरतो, गेली पंधरा वर्षं माझ्यासमोर धरतो. मी असते तर डाव मागे घेतला असता. तो हात मागे गेला नाही. तो ताटावर तसाच थांबला, न हलता, न थकता, वाट बघत. शेवटी आल्हादने आपला हात काढून घेतला, आणि डाव ओतला गेला.

मग बांगड्या थबकल्या. खिडकीत कोणी आलं की कामातली बाई थबकते, तशा. लुगड्याचा काठ जमिनीवरून हळूहळू माझ्या बाजूला वळू लागला.

मी भोकावरून डोळा काढला. ओरडले की नाही ते मला आठवत नाही.

७

ओरडलेच असेन, कारण नाना काठी टेकत गॅरेजच्या तोंडाशी आले होते. मी काय सांगितलं कोण जाणे, ते ऐकतच नव्हते. ते खाली बघत होते, चौकटीच्या पायाशी, जिथे करवतीच्या खुणा होत्या.

"उंबरा कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

मी बाकाकडे बोट दाखवलं. नानांचा चेहरा आताच चटका बसल्यासारखा झाला. 

"आत कोण आहे ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी घर पुजलं आणि यानं त्याचा उंबरा काढला. घर कुठे संपतं ते आतल्याला कळणार कसं? आणि यालाही?"

आम्ही बाक उचलू लागलो. नानांचं वय सत्तरीच्या पुढचं आणि तुळई ओली माती भरल्यासारखी जड. तेवढ्यात भाजी घेऊन आलेल्या गोजराबाई आमची धडपड बघून फाटकातून आत आल्या. मी काहीच समजावलं नाही, नुसतं धरा म्हटलं. त्यांनी टोपली खाली ठेवली, पदर खोचला, आणि हे काय सुतारकाम काढलंत दुपारचं, म्हणत दुसरं टोक उचललं. चौकटीत ती बसली, पण करवतीने खाल्लं होतं तेवढी दोन्हीकडे फट राहिली. एका बाजूला नानांनी पेपरची घडी कोंबली. दुसरीकडे मी धावत जाऊन लाटणं आणलं आणि वरवंट्याने ठोकून बसवलं. आजवर आमच्या घरात एवढं घट्ट बसलेलं ते एकच सुतारकाम असेल. मी हळद आणली आणि नानांनी पाच बोटं ओढली.

"हाक मार," ते मला म्हणाले.

 एरवी मी त्याला आल्हाद म्हणते, फक्त नानांसमोर अहो. त्या क्षणीही जिभेने सवय सोडली नाही.

"अहो," मी म्हटलं, "पान वाढलंय."

आतला सगळा आवाज थांबला. पत्रेसुद्धा वाजायचे थांबले. मग फियाटच्या मागून आल्हाद आला, अनवाणी, डोळ्यांवर ऊन आल्यासारखे डोळे बारीक करत. उंबरठ्याशी त्याने खाली बघितलंच नाही. पाय उचलला, ओलांडला आणि माझ्यासमोर उभा राहिला. मी त्याचा दंड धरला तो सोडलाच नाही.

त्याच्या मागोमाग बांगड्या वाजल्या. अगदी जवळ, उंबरठ्याच्या आतल्या अंगाला, आणि तिथेच थांबल्या. नाना, गोजराबाई आणि मी, तिघांनीही ते ऐकलं. आत फियाट होती, उजेड होता आणि दुसरं काही नव्हतं.

नानांनी हात जोडले. "बाई, तुमचं घर तुम्हाला," ते हळू आवाजात म्हणाले, आणि दोन्ही झडपा लावून घेतल्या.

आल्हाद आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. काय झालं, सगळे असे का उभे आहात, असं त्याने विचारलं. मग पोटावर हात ठेवला.

"काय केलंयस?" तो म्हणाला. "सपाटून भूक लागलीय."

मी गार वरणभात वाढला. तो तीनदा मागून जेवला, आणि मी समोर बसून लहान मुलीसारखी रडले.

८

घाईत एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. फियाट आतच राहिली.

उंबरठा काढायचं नाव मी घेऊ दिलं नाही, आणि आल्हादनेही फार हट्ट केला नाही. त्याला मी जे पाहिलं ते सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मला फक्त एवढंच आठवतं की तिथली आमटी चांगली होती. त्यावर मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तो पुन्हा कारखान्याच्या बसने जाऊ लागला. गाडी घेऊन तिच्यासमोर उंबरठा घालणारे लोक म्हणून आमची कॉलनीत ख्याती झाली. भंगारवाले अधूनमधून फाटकाशी येऊन फियाटची चौकशी करतात, बिल्डरही येऊन गेले. सगळ्यांना आम्ही नाही म्हणतो. लाटणं मी नवीन आणलं.

दोन हजार दोन साली नाना गेले. त्यानंतर उंबरठा पुजायचं काम माझ्याकडे आलं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईने करायचं ते काम नव्हे, पण मी करते. शुक्रवारी बाहेरच्या अंगाला हळदकुंकू लावते. दिवाळीला एकदा झडप किलकिली करून झाडते, तेव्हा आतल्या अंगालाही हळदकुंकू असतं. ताजं असतं. पाच बोटं, नीट ओढलेली, माझ्यापेक्षा सरळ. पहिल्या वर्षी मी झाडू टाकून पळाले होते. आता झडप लावून घेते आणि फराळाला लागते. ती तिच्या बाजूला आहे आणि मी माझ्या, आणि दोघींचं बरं चाललंय.

आल्हादच्या निवृत्तीला आता फार दिवस नाहीत. संध्याकाळी कोपऱ्यावर बस थांबते, फाटकाची कडी वाजते, मी आधण ठेवते. आधण तापायच्या आत तो पायरीवर बूट काढत असतो. कधी त्या दिवसाची आठवण होऊन मी अजूनही श्वास धरते. मग तो दारातूनच विचारतो, काय केलंयस, भूक लागलीय, आणि माझा श्वास सुटतो.